आधी कट बंद करा, मग विश्वास मागा

‘भाऊ, चांगला डॉक्टर सांगा नं एखादा.’ बडनेऱ्यात हे वाक्य मला नेहमी ऐकावं लागतं. नव्या वस्तीत बदलून आलेलं रेल्वेवाल्याचं कुटुंब विचारतं, अंजनगाव बारीहून बुढ्याला घेऊन आलेला पोरगा विचारतो, जन्मभर जुन्या वस्तीत राहिलेली बाईसुद्धा विचारते. डॉक्टरांच्या पाट्यांना आणि मेडिकल दुकानांना ज्या गावात तोटा नाही, तिथे माणसाला हे विचारत फिरावं लागतं, याची लाज डॉक्टर मंडळींना वाटली पाहिजे. मी नाव सांगत नाही. मी एवढंच सांगतो: तो डॉक्टर तुम्हाला पुढे पाठवतो तेव्हा त्याला पुढून काय मिळतं, ते आधी शोधा. मिळत असेल, तर त्याच्या हाताला कितीही गुण असो, त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

माझं म्हणणं टोकाचं वाटेल, पण बडनेऱ्यात राहणाऱ्याला ते पटेल. आमच्या गावात ताप, हगवण, शुगर-बीपीच्या गोळ्या आणि किरकोळ टाके एवढ्यापुरता इलाज होतो. त्यापुढचं सगळं अमरावतीला आणि अमरावतीच्या पुढचं नागपूरला. मुंबई-हावडा मार्गावरचं जंक्शन आमच्या दारात आहे. त्या फलाटावरून विदर्भ एक्सप्रेसनं, महाराष्ट्र एक्सप्रेसनं नागपूरला नेलेले पेशंट इथल्या प्रत्येक गल्लीत सापडतील. त्यामुळे कोणती गोळी घ्यावी हा आमच्यापुढचा मोठा प्रश्न नसतो. कोणाकडे जावं, कोणत्या लॅबमध्ये रक्त द्यावं, कोणत्या सर्जनच्या टेबलावर झोपावं, हा असतो. त्याचं उत्तर आम्ही देत नाही. ओळखीचा डॉक्टर देतो आणि चिठ्ठीवर लिहून हातात ठेवतो. त्या चिठ्ठीच्या भरवशावर माणूस बायकोच्या अंगावरचं सोनं गहाण टाकतो, सोयाबीन पडत्या भावात विकतो, वावर दुसऱ्याच्या नावे करतो.

आणि ती चिठ्ठी विकाऊ झाली आहे.

पाठवलेल्या पेशंटमागे, लिहिलेल्या सोनोग्राफीमागे, एमआरआयमागे, रक्ताच्या तपासणीमागे पाठवणाऱ्या डॉक्टरला वाटा मिळतो. त्याला ‘कट’ म्हणतात, आणि हा शब्द डॉक्टरांच्या जगात लहानथोर सगळ्यांना ठाऊक आहे. हे मी चहाच्या टपरीवर ऐकून लिहीत नाही. पुण्याच्या ‘साथी’ संस्थेच्या कामातून डॉ. अरुण गद्रे यांनी ७८ डॉक्टरांना बोलतं केलं आणि त्यातून ‘कैफियत प्रामाणिक डॉक्टरांची’ हे पुस्तक आलं. पुढे डॉ. अभय शुक्ला यांच्यासोबत त्यांनी तोच विषय २०१६ मध्ये इंग्रजी पुस्तकातही मांडला. बोलणारे डॉक्टर होते, त्यांनी आपल्याच धंद्याबद्दल सांगितलं, आणि कटाचा पैसा कसा फिरतो ते उघड केलं. एवढं होऊनही एखादा डॉक्टर मला ‘असं काही नसतं’ म्हणतो, तेव्हा तो माझ्या तोंडावर खोटं बोलत असतो.

कटाचा पैसा पेशंटच्याच खिशातून जातो, हे तर झालंच. पण पैशाची चोरी हा त्यातला लहान गुन्हा आहे. मोठा गुन्हा असा की कट आला की चिठ्ठीचा अर्थच मरतो. अमुक सर्जनचं नाव लिहिलं ते त्याचा हात चांगला म्हणून, की त्याचा वाटा मोठा म्हणून, हे पेशंटला कळायची सोयच उरत नाही. लिहून दिलेली तपासणी आजारासाठी आहे की महिन्याच्या हिशोबासाठी, हे तपासणी झाल्यावरही कळत नाही. आणि जो सर्जन शिकून येतो, कर्ज काढून अमरावतीत दवाखाना उघडतो आणि कट द्यायला नकार देतो, त्याच्या दारात पेशंट पाठवायला कोणी तयार होत नाही. त्याचा हात कितीही चांगला असो, त्याचं नाव चिठ्ठीवर येतच नाही. म्हणजे चांगला डॉक्टर आमच्यापर्यंत पोहोचू नये, याचीच ही व्यवस्था आहे. आम्ही चांगला डॉक्टर शोधत फिरतो आणि तो रिकाम्या ओपीडीत बसलेला असतो.

कापसाच्या बाजारात वाढलेल्या माणसाला अडत काय असते ते शिकवावं लागत नाही. अडत्या निदान आपली अडत तोंडावर सांगतो, ती पट्टीवर लिहिलेली असते, आणि तो स्वतःला शेतकऱ्याचा तारणहार म्हणवत नाही. डॉक्टर गळ्यात स्टेथोस्कोप घालून, भिंतीवर देवाचा फोटो लावून, बुढीच्या डोक्यावरून हात फिरवून तेच काम करतो आणि त्याचा कागद ठेवत नाही.

माझ्या मावशीचा गुडघा दुखत होता. डॉक्टरांनी एमआरआय लिहून दिला. चिठ्ठी एका सेंटरच्या नावानं आधीच छापलेली होती. आम्ही दुसरीकडे तपासणी केली, कारण तिथे पैसे कमी लागत होते. रिपोर्ट घेऊन गेलो तर डॉक्टरांनी लिफाफा उघडलाच नाही. ‘मी सांगितलं होतं तिथूनच करून आणा. यांचा रिपोर्ट मी पाहत नाही.’ मावशी हात जोडून म्हणाली, ‘डॉक्टर साहेब, एकदा पाहून तं घ्या. मशीन तेच असन नं.’ त्यांनी पाहिलं नाही. रिपोर्टमध्ये काय आहे हे न बघता ज्यानं तो नाकारला, त्याला मावशीच्या गुडघ्याशी काही देणंघेणं नव्हतं. त्याला लिफाफ्यावरच्या नावाशी देणंघेणं होतं. त्या दिवशी मला राग आला तो फसवणुकीपेक्षाही मावशीच्या हात जोडण्याचा.

कट घेणं बेकायदेशीर आहे का? नियमानं तरी त्याला बंदी आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत स्पष्ट लिहिलं आहे की पेशंट पाठवण्याच्या बदल्यात डॉक्टरनं कमिशन, भेट, बक्षीस असं काहीही देऊ नये, मागू नये, घेऊ नये. २०१७ मध्ये मुंबईत एशियन हार्ट इन्स्टिट्यूटनं डॉक्टरांना आम्ही कमिशन देत नाही असा जाहीर फलक लावला, तेव्हा डॉक्टरांच्या संघटनेला तो फलक टोचला. कट टोचायला हवा होता. त्याच वर्षी राज्य सरकारनं माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, कटाविरुद्ध कायद्याचा मसुदा तयार झाला, वर्तमानपत्रांत मथळे आले. मसुदा मसुदाच राहिला. आमचे आमदार कापसाच्या भावावर, रस्त्यांवर, पाण्यावर सभागृहात ओरडतात आणि ओरडायलाच हवं. पण हा मसुदा कुठे अडला, हे विचारणारा आवाज वऱ्हाडातून मी ऐकला नाही.

विकाऊ सल्ला माणसाला कुठवर नेतो, ते बीडनं दाखवलं. तिथल्या ऊसतोड मजूर बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये पेटला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर आला. पाहणी झालेल्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. पाळीत दुखतं, अंगावरून जातं, एवढी तक्रार घेऊन गेलेल्या बायकांना कॅन्सरची भीती घातली गेली आणि ऐन उमेदीत त्यांच्या पोटावर टाके पडले. कोणीतरी त्यांना ‘काढून टाकलेलं बरं’ असा सल्ला दिला होता. त्या बायकांनी विश्वास ठेवला, हाच त्यांचा अपराध.

आपल्याकडे वेगळं घडतं असं समजू नका. कोरोनाची दुसरी लाट राज्यात पेटली ती अमरावतीतून. २२ फेब्रुवारी २०२१ ला इथे टाळेबंदी लागली. त्यानंतरच्या दिवसांत डॉक्टरांच्या चिठ्ठ्या हातात घेऊन माणसं रेमडेसिविर इंजेक्शनसाठी अमरावती, अकोला, नागपूर पालथं घालत होती, काळ्या बाजारात मिळेल त्या भावानं घेत होती. जागतिक आरोग्य संघटनेनं नोव्हेंबर २०२० मध्येच, म्हणजे त्याच्या काही महिने आधी, दाखल पेशंटना रेमडेसिविर देऊ नये अशी शिफारस केली होती, कारण त्यानं जीव वाचतो याचा पुरावा तिला मिळाला नव्हता. हे डॉक्टरांना ठाऊक असायला हवं होतं. ‘हे इंजेक्शन मिळालं नाही तरी धीर सोडू नका, ऑक्सिजन आणि स्टेरॉइड हे खरं औषध आहे,’ एवढं वाक्य ज्या डॉक्टरांनी नातेवाइकांना सांगितलं, ते खरे डॉक्टर. बाकीच्यांनी नातेवाइकांना रस्त्यावर सोडलं, आणि इंजेक्शन आणता आलं नाही म्हणून बाप गेला, हे ओझं पोरांच्या डोक्यावर जन्मभरासाठी ठेवलं. ते ओझं खोटं आहे. या गावात असं ओझं वाहणारी माणसं मी पाहतो आणि त्या चिठ्ठ्या लिहिणाऱ्यांना मी माफ करणार नाही.

मग कोणी म्हणतो, डॉक्टर देव असतो, त्याच्यावर शंका घेऊ नये. या वाक्यानं जितकी माणसं मारली तितकी रोगानं मारली नसतील. १९५३ साली गुहागरजवळच्या पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर एका तरुणाची मांडी मोडली. त्याला पुण्याला आणलं, नामांकित दवाखान्यात ठेवलं. भूल न देता, जोर लावून हाड बसवलं गेलं आणि मुलगा त्या धक्क्यानं गेला. त्याचे वडील स्वतः डॉक्टर होते. तरी ते मुलाला वाचवू शकले नाहीत. त्यांनी कोर्टात धाव घेतली. लक्ष्मण जोशी विरुद्ध त्र्यंबक गोडबोले या खटल्यात १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला आणि डॉक्टरची तीन कर्तव्यं सांगितली: हा पेशंट आपण घ्यावा की नाही हे ठरवताना काळजी, कोणता उपचार द्यावा हे ठरवताना काळजी, आणि तो उपचार करताना काळजी. नुकसानभरपाई मिळाली ३,००० रुपये. पण त्या बापानं आपल्या सगळ्यांसाठी एक गोष्ट मिळवून ठेवली: डॉक्टरला जाब विचारता येतो.

त्यानंतर पेशंटच्या बाजूनं बरंच काही लिहिलं गेलं. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात आणली. २००८ मध्ये संमतीचा अर्थ सांगितला: एका तपासणीसाठी घेतलेल्या सहीवर दुसरं ऑपरेशन उरकता येत नाही. २००२ च्या आचारसंहितेप्रमाणे पेशंटनं मागितल्यावर ७२ तासांत त्याची कागदपत्रं द्यावी लागतात. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या २०१८ च्या सनदेत १७ हक्क आहेत. त्यात दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायचा हक्क आहे, आणि औषध नि तपासणी हव्या त्या ठिकाणी करायचा हक्कही आहे. मावशीला नाकारला गेला तो हाच. जानेवारी २०२१ मध्ये महाराष्ट्रानं शुश्रूषागृहांचे नियम सुधारले आणि दरपत्रक व रुग्णहक्कांची सनद दवाखान्यात दर्शनी लावणं बंधनकारक केलं. अमरावतीत कोणत्याही चार दवाखान्यांच्या पायऱ्या चढा आणि ते दरपत्रक शोधा. दिसलं नाही तर काउंटरवर मोठ्या आवाजात मागा. महापालिकेच्या आरोग्य विभागाला लेखी कळवा. बडनेरा त्याच महापालिकेत येतं, कर आम्हीही भरतो.

दरपत्रकासोबत पाटीवरची पदवीही वाचा. १९९६ मध्ये पूनम वर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की होमिओपॅथी शिकलेल्यानं ॲलोपॅथीची औषधं देणं हाच निष्काळजीपणा. २०१४ मध्ये आपल्या राज्यानं कायदा बदलला आणि एक वर्षाचा अभ्यासक्रम केलेल्या होमिओपॅथना ती औषधं द्यायची वाट मोकळी केली. खेड्यात दुसरा डॉक्टर जात नाही, हे कारण मला समजतं. पण समोर बसलेला माणूस काय शिकला आहे, हे पेशंटला अंधारात ठेवून चालणार नाही. मी होमिओपॅथीच्या माणसाला कमी लेखत नाही. अमरावतीत होमिओपॅथीचेच डॉक्टर असलेल्या दाजीसाहेब पटवर्धनांनी १९४६ मध्ये तपोवन उभारलं, ज्यांना कोणी शिवत नव्हतं त्या कुष्ठरोग्यांना घर दिलं. मोठेपणा पदवीत नसतो. लपवाछपवीत तर मुळीच नसतो.

वऱ्हाडात चांगले डॉक्टर झाले आणि आहेत. मेळघाटात बैरागडला डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांनी आयुष्य घातलं. एमबीबीएस होऊन गेलेल्या कोल्ह्यांना तिथे आपलं शिक्षण अपुरं पडतं हे दिसलं, तेव्हा ते परत शिकायला गेले आणि शिकून पुन्हा बैरागडलाच आले. २०१९ मध्ये दोघांना पद्मश्री मिळाली. त्यांची दोन रुपये फी सगळ्यांना पाठ आहे. मला त्यांचं परत शिकायला जाणं मोठं वाटतं, कारण ‘मला हे येत नाही’ म्हणणारा डॉक्टर विश्वासाला सगळ्यात पात्र असतो. पण कोल्ह्यांचे सत्कार करायचे, त्यांच्यावर भाषणं ठोकायची आणि अमरावतीत कट चालू ठेवायचा, हा ढोंगीपणा पुरे झाला. मी कोणाकडून दोन रुपये फीची अपेक्षा करत नाही. ५०० रुपये घ्या, ७०० घ्या, पाटीवर लिहा, पावती द्या, नीट तपासा, आणि पुढे पाठवाल तेव्हा हात स्वच्छ ठेवा.

हे होऊ शकतं, याचा पुरावा रेल्वेनं दोनेक तासांवर आहे. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत डॉक्टरांना खाजगी प्रॅक्टिस करता येत नाही. आजूबाजूच्या गावांनी सुगीत ज्वारी देऊन दवाखान्याच्या खर्चाचा विमा उतरवण्याचा प्रयोग तिथे डॉ. उल्हास जाजू यांनी केला. तिथला डॉक्टर जास्त तपासण्या लिहून जास्त कमावत नाही, म्हणून त्याच्या तपासणीला अर्थ आहे. आमच्या गल्लीतली माणसं गाडीनं सेवाग्राम गाठतात ती स्वस्ताईसाठी जातात, असं डॉक्टर लोक म्हणतात. ती खरी गोष्ट ऐकायला जातात.

आता आपल्या लोकांना दोन शब्द सुनावतो. ‘डॉक्टर साहेब, बुढ्याले एक सलाईन लावून द्या, ताकत येते,’ हे तुम्ही म्हणता. पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे साधारण पाच चमचे. जो बुढा तोंडानं खातो-पितो त्याला त्यासाठी शिरेत सुई टोचून घ्यायची गरज नाही. जो डॉक्टर सलाईन लावायला नकार देतो त्याला तुम्ही ‘याले काही येत नाई’ म्हणून सोडता आणि लावणाऱ्याकडे जाता. तपासून, समजावून सांगून ३०० रुपये फी घेणाऱ्याशी भांडता आणि फुकटात पाहून ५,००० च्या तपासण्या लिहिणाऱ्याचे पाय धरता. कट तुमच्या याच सवयीवर पोसला आहे. डॉक्टरच्या बोलण्याचे आणि वेळेचे पैसे द्यायला शिका. आणि पेशंट दगावला की दवाखान्याच्या काचा फोडणाऱ्यांनो, २०१० च्या कायद्यानं तो गुन्हा आहेच, शिवाय तुमच्यामुळे उद्या अर्ध्या रात्री आलेल्या अवघड पेशंटला कोणी हात लावणार नाही. भीतीपोटी नागपूरची चिठ्ठी लिहून मोकळं होणारा डॉक्टर तुम्हीच घडवता.

सरकारही सुटत नाही. मोफत उपचारांची राजीव गांधी जीवनदायी योजना २ जुलै २०१२ ला ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात अमरावती होती. आता ती महात्मा फुले यांच्या नावानं चालते. ऑक्टोबर २०२४ मध्ये अमरावती, वाशीम, बुलढाण्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजांचं उद्घाटन झालं. पण अमरावतीच्या इर्विन आणि डफरीन या सरकारी दवाखान्यांत पगारी डॉक्टर, चालू यंत्रं आणि औषधं जागेवर असतील तरच त्या योजनेचा आणि कॉलेजांचा उपयोग. सरकारी दवाखाना धड असला की खाजगीवाल्याला दर आणि सल्ला दोन्ही नीट ठेवावे लागतात. तो मोडला की कटवाल्यांचं राज्य येतं, आणि ते आलेलं आहे.

बडनेरा-अमरावतीच्या डॉक्टरांनो, तुमच्यात प्रामाणिक किती आहेत ते तुम्हालाच ठाऊक आहे, आणि कट घेणारे कोण तेही ठाऊक आहे. गप्प राहून तुम्ही त्यांना पाठीशी घालता. एकच करा. दवाखान्याच्या दर्शनी भागात, आपला नोंदणी क्रमांक घालून, सही करून लिहा: ‘आम्ही पेशंट पाठवण्याचे पैसे घेत नाही आणि देत नाही.’ लिहून मोडाल तर तक्रार करायला आम्हाला महाराष्ट्र वैद्यक परिषद आहे, ग्राहक आयोग आहे. जो लिहील त्याच्याकडे आम्ही जाऊ, त्याची फी देऊ, त्याच्या दारावर कोणी दगड घेऊन आला तर आडवे उभे राहू. जो लिहिणार नाही, त्यानं पेशंटकडून विश्वास मागायचा हक्क सोडून द्यावा.